बंबाखूचा चौकोन

पहिला कोंब दिसला तेव्हा मी आधी मागं वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. मग तो उपटला आणि ओटीत टाकून वर पदर घेतला.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मलकापूरच्या मागच्या अंगाला, विहिरीखालच्या एकरात आमची वांगी भर फुलात होती. आमची म्हणायची, पण रान मेजरांचं. ते खरे मेजर नव्हेत. आमच्या भागात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं. रान आणि पाणी त्यांचं, राबणं आम्हा नवराबायकोचं, माल निम्मा निम्मा. झाडांना वाटून घेण्याइतका माल लागणार की नाही, एवढाच प्रश्न असायचा.

तो कोंब बोटाएवढा होता. पांढुरका, जरासा जांभळट, अंगावर खवले. हिरवं म्हणून काही नाही. वांग्याच्या बुडापासून वीतभर अंतरावर तो सरळ जमिनीतून वर आला होता. उपटताना खालची माती निघाली आणि त्याचा गड्डा दिसला. तो गड्डा वांग्याच्या मुळाला असा चिकटला होता की कुठलं कुणाचं ते कळेना. माझ्या माहेरी, जतकडच्या कोरडवाहू ज्वारीत, टारफुला येतो. तोही ज्वारीच्या मुळावर जगतो, पण त्याला निदान पान असतं, गुलाबी फूल असतं. हे काहीतरी वेगळंच होतं.

त्या दिवशी मी सात कोंब उपटले. चुलीत घातले. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते आधी सांगते. आम्ही जतहून इथं आलो त्याला तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. तिकडं पाणी टँकरनं यायचं आणि शाळा मी सातवीत सोडली ती मेंढरांमागं जायला. इथं विहिरीला बारमाही पाणी. मेजरांनी रानातली खोली राहायला दिली. आणि काकींनी, म्हणजे मेजरांच्या बायकोनं, आमच्या मुलीचं बोट धरून तिला शाळेत घातलं. दाखल्याच्या कागदावर सही करताना मी पेन टेकवून थांबले, तेव्हा काकी म्हणाल्या, "कर गं, सही चुकली तर शाळा पळून जात न्हाई." मुलगी आता दुसरीत होती. मला या सगळ्याचं इतकं बरं वाटायचं की भीतीच वाटायची. कुणीतरी येऊन म्हणेल, चूक झाली, हे तुमचं नव्हतं.

आणि ते "कुणीतरी" म्हणजे ऊस होता. मेजर दर चार दिवसांनी म्हणायचे, "ऊस लावला की डोस्क्याला ताप न्हाई. वांग्याला तान्ह्या पोरावानी बघाय लागतंय." उसाला वाटेकरी लागत नाही. लागण करायला टोळी येते, तोडायला टोळी येते. मधे पाणी द्यायला मेजर एकटे पुरेसे. वांगी बिघडली की ऊस लागणार, ऊस लागला की खोली मोकळी करायची आणि मुलीचा दाखला काढायचा. म्हणून मी कोंब चुलीत घातले.

चार दिवसांत सात कोंबांचे शंभर झाले. उपटायला रोज पहाटे जाऊ लागले. नवऱ्यानं एकदा विचारलं, "वांग्याला काय गोष्टी सांगतीस गं एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "किडं बघतोय." तो हसला. त्याच्या हसण्याचाही मला संशय आला. ह्याला कळलंय, आणि हा मेजरांना सांगणार. उगाच. पण माझा स्वभावच तसा. दाराची कडी लावली तरी पुन्हा जाऊन ओढून बघते.

मग हे कुणी आणलं, याचा शोध सुरू झाला. पहिला संशय रोपवाटिकेवर. रोपं आणली तेव्हा ट्रेमधली माती काळी, भुसभुशीत, लय गोड दिसत होती. गोड दिसणाऱ्याचं मला कधी खरं वाटत नाही. पण त्याच रोपांतले दोन ट्रे काकींनी परसात लावले होते. मी "वांगी कशी हाईत बघतो" म्हणून परसात गेले, काकींची पाठ वळल्यावर दोन झाडांच्या बुडाची माती उकरली. मुळं स्वच्छ.

दुसरा संशय बांधापलीकडच्या शेतकऱ्यावर. त्याचं सोयाबीन होतं. आमची लागण व्हायच्या आधी आमच्या रानात माती भुसभुशीत करणारा ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर त्याचाच फिरला होता. तो रोज सकाळी बांधावरनं जायचा, हातात एक कापडी पिशवी, आणि पिशवीत हात. एका सकाळी मी वाकलेली असताना वरून आवाज आला:

"काय वैनी, वांग्यात आळंबी पिकवाय लागलाय व्हय?"

माझ्या हातात कोंबांचा जुडगा होता. याला एवढ्या लांबून कसं दिसलं? आणि दिसलं तर हसू कसं आलं?

"गवात हाय," मी म्हटलं.

"गवात आसं पांढरं? शेरडानं बी तोंड लावायचं न्हाई." आणि पिशवीत हात घालून पुढं गेला.

त्याच दुपारी मी काकींना सांगून टाकलं. पूर्ण नाही. एवढंच, की वांग्यात एक वंगाळ रोप उगवतंय, आणि मला वाटतं ते रोटाव्हेटरच्या पात्यांबरोबर आलंय. "कुणाच्या, तुला म्हाईतच हाय," असंही म्हटलं. काकींनी तांदूळ निवडता निवडता नुसतं "हं" केलं. मला हलकं वाटलं. दोष माझ्या अंगावरून उठून बांधापलीकडं जाऊन बसला होता.

संध्याकाळी मेजर स्वतः रानात आले. एक कोंब उपटून त्यांनी हातात फिरवला.

"ह्यो बंबाखू," ते म्हणाले. "आमच्या मामाच्या तंबाखूत यायचा. माज्या लहानपणी बघितलाय. किती दिस झालं?"

"आठ-धा."

"आन् आज सांगतीस?"

मी खुरपं उचलून पुढच्या झाडाकडं सरकले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपल्या रानाच्या कडेनं जाणारी वाट बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या फेसाट्या टाकून बंद केली. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच वाटेनं रस्त्याला लागायचा. त्याचं सोयाबीन काढून पडलं होतं, ते आता ओढ्याकडनं वळसा घालून न्यावं लागणार होतं. त्यानं लांबून हाक मारली, "मेजर, हे काय?" मेजर म्हणाले, "तुज्या रोटाव्हेटरला इचार." एवढंच. मी वाफ्यात बसून ऐकलं आणि मान खाली घातली.

मग मेजर मला कराडला औषधाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं मेजरांनी सांगितलेलं अर्धं ऐकलं आणि मागं न बघता फळीवरची बाटली काढली, जणू ती आमचीच वाट बघत होती. "हे मारा. मुळासकट जळतंय. बरोबर अमोनियम सल्फेट टाका, झाडाला जोर."

मी बाटलीला चिकटवलेली घडी सोडवली. अशा कागदावर दहा-बारा भाषा असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला चिमूटभर जागा. मराठीचा रकाना बोटानं शोधून वाचला. मका होता, ऊस होता. वांगी नव्हती. बंबाखूही नव्हता.

"आवं, ह्याच्यावर वांग्याचं नावच न्हाई," मी म्हटलं.

"ताई," दुकानदार म्हणाला, "कागद वाचून शेती झाली आस्ती तर सगळं मास्तर बागायतदार झालं आस्तं. किती शिकलाय?"

"सातवी."

"मग सातवीपुरतं वाचा."

दुकानातली दोन माणसं हसली. मेजर हसले नाहीत, पण बाटली त्यांनी घेतली. येताना मोटारसायकलवर मागं बसून मी बाटली मांडीवर धरली होती आणि वाटेत ती सांडावी असं मला मनापासून वाटत होतं. मलकापूरच्या फाट्यावर मी धीर केला.

"मेजर, एक सरी मारून बघू. एकच. बाकी आठ दिसानं."

त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "एक सरी. पर तूच दाखवायची मला, रोज."

त्या सरीतला बंबाखू काळा पडला, हे खरं. पण पाचव्या दिवशी वांग्याची कोवळी पानं होडीसारखी आत वळली, आणि आठव्या दिवशी शेंडे पिवळे झाले. फुलं हाताला लागताच गळत होती. मी मेजरांना रोज दाखवत होते. आठव्या दिवशी त्यांनी बाटली घेतली, झाकण घट्ट केलं आणि खोलीत, मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी, वरच्या फळीवर ठेवली. "सातवी बरी हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. तरी रात्रभर मला वाटत राहिलं, की टोमणा तर नव्हता?

मेजरांनी बोलावलेल्या कृषी सहायक बाई दोन दिवसांनी स्कूटीवर आल्या. वयानं माझ्याहून लहान. चपला बांधावर काढून त्या सरळ वाफ्यात बसल्या, खुरपं मागितलं आणि एक झाड मुळासकट उकरलं. त्या बोलत होत्या ते मी अजून विसरलेली नाही.

"याला स्वतःचं हिरवं पान नाही, ताई. वांग्याच्या मुळाला तोंड लावून जगतं. वर दिसतं तेव्हा निम्मं खाऊन झालेलं असतं. वांग्यात खात्रीनं मारा असं तणनाशक मी सांगणार नाही. टोमॅटोत काही आहेत, पण तेही विचारून, मोजून. घोटभर जास्त झालं की पीकच जातं. तुम्ही बघितलंच."

"मग?"

"फूल यायच्या आत उपटा आणि जाळा. उकिरड्यावर अजिबात टाकू नका. जिथं उपटताना मूळ दुखावतंय तिथं कोंबाच्या शेंड्यावर खाद्यतेलाचे एक-दोन थेंब सोडून बघा. अमोनियम सल्फेट द्या, थोडं थोडं, पाण्याबरोबर. नत्र असलं की त्याचा जोर जरा कमी होतो. पण संपेल असं समजू नका. बी राखेसारखं बारीक असतं आणि वर्षानुवर्षं मातीत टिकतं. पुढची काही वर्षं इथं वांगी नको, टोमॅटो नको. ज्वारी, मका, नाहीतर ऊस."

ऊस. त्यांनी किती सहज म्हटलं.

मेजर मागं उभे होते. मी मान वर केली नाही.

मग बाईंनी माती झटकत विचारलं, "शेणखत कुठलं घातलं होतं? का मेंढरं बसवली होती?"

"मेंढरं," मेजर म्हणाले. "वैशाखात. हिच्याच मामाची."

"त्याआधी ती कुठं चरली होती?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "म्हाईत न्हाई."

मला माहीत होतं.

आमच्याकडं मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी परत फिरतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्रीपुरता थांबवून घेतो. मेंढरं जाळ्याच्या कुंपणात बसतात, त्या जाळ्याला वाघर म्हणतात. सकाळी उठून गेली की रान खतावलेलं. त्याबदली धान्य, जेवण. माझा सख्खा मामा असाच परतताना वैशाखात इथं आला होता. मीच मेजरांना म्हटलं होतं, घरचीच मेंढरं हाईत, बसवून घ्या. चहा पिता पिता मामानं सांगितलं होतं, की दोन दिवसांपूर्वी नदीकाठी कुणीतरी सोडून दिलेल्या वांग्याच्या रानात कळप चरला. "वांग्याच्या बुडी कसल्या वाळक्या काड्या हुत्या गं, बोंडंच बोंडं. मेंढरं अशी तुटून पडली, जशी लगनाची पंगत." मी हसले होते. काकींनीही ऐकलं होतं का, ते मला आठवेना. आणि विचारायची सोय नव्हती.

बाई गेल्यावर मी एकटी वांग्यात गेले. आता मला दिसलं, जे मी वीस दिवस वाकून उपटताना पाहिलं नव्हतं. बंबाखू सगळ्या एकरात नव्हता. विहिरीकडच्या निम्म्यातच होता, आणि त्याची कड शिवलेल्या कापडासारखी सरळ होती. एक सरी भरलेली, पुढची रिकामी. कडेकडेनं चालत गेले तर कोपरा आला. काटकोनात. मग दुसरा. मामाची वाघर जिथं लागली होती तिथंच. मेजरांच्या आग्रहानं मामा तीन रात्री थांबला होता, आणि रोज वाघर थोडी थोडी पुढं सरकवून त्यानं तेवढा चौकोन खतावला होता. त्या पलीकडं एकही कोंब नाही. रोटाव्हेटर मात्र सगळ्या एकरात फिरला होता.

म्हणजे शेजारी सुटला. आणि वाट अजून बंद होती.

तरीही मी बोलले नसते. खरं सांगते. मी तेलाची बाटली आणि मुलीच्या खोकल्याच्या औषधातला ड्रॉपर घेऊन रोज कोंबांच्या शेंड्यावर थेंब सोडत होते, सल्फेटचं पाणी देत होते, आणि मनात म्हणत होते, हे आटोक्यात आलं की कुणाला काही सांगायची गरज नाही. कोंब सुकत होते. वांगी जरा तजेला धरत होती. मेजर उसाचं नाव काढत नव्हते, आणि त्यांच्या न काढण्याचाही मला संशय येत होता.

मग मामा आला. या खेपेला कोकणात उतरायच्या वाटेवर. कळप गावाबाहेर गायरानात उतरवून तो भेटायला आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "तुमच्या बांधाकडल्यानं बोलावलंय. सोयाबीन निघालंय न्हवं, उद्यापास्नं चार रात्री बसवायची."

"मामा, ह्या वक्ताला कुठनं आलासा?"

"नदीकाठानंच. पुढं गेलतो, ह्येच्या सांगाव्यानं माघारी वळलो."

"तिथं वांगी..."

"हाईत की. त्या सोडलेल्या रानात पुन्यांदा काड्या वाळल्यात. काय गं, त्वांड का आसं झालं?"

शेजाऱ्याची वाट मी बंद करवली होती. आता त्याच्या रानात हा चौकोन उतरणार होता, आणि उद्या उतरणार होता. त्याला सांगायचं तर मेजरांना आधी कळायला हवं होतं. मी मामाला खोलीत बसवून तशीच मेजरांच्या घरी गेले. मेजर कट्ट्यावर चहा पीत होते, काकी शेजारी.

"मेजर, रानात चला. दावायचं हाय."

मी त्यांना कडेकडेनं फिरवलं. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. "हितं वाघरीची मेख हुती," मी म्हटलं. "मी त्यादिवशी म्हाईत न्हाई म्हटलं. म्हाईत हुतं. मेंढरं वांग्यातनं आली हुती. रोटाव्हेटरचं मीच काकींच्या कानात घाटलं."

मेजर पहिल्या कोपऱ्यावर परत गेले आणि कवायतीला चालावं तशी पावलं टाकत चौकोनाची एक बाजू चालले. मग दुसरी. चारी बाजू चालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तीन रात्री मीच थांबवून घेतला हुता त्येला," ते म्हणाले. "त्यो एकच थांबणार हुता."

आणि ते सरळ बांधावर गेले. फेसाट्या ओढून काढायला मी धावले तर म्हणाले, "तू ऱ्हावू दे. टाकल्या मी." हात ओरबाडले तरी त्यांनी एकही मला उचलू दिली नाही. तोवर शेजारी आला होता. त्याला मेजरांनी बंबाखूचं आणि मेंढरांचं सगळं सांगितलं. मी काकींच्या कानात घातल्याचं तेवढं सांगितलं नाही. शेजारी ऐकून माझ्याकडं बघत म्हणाला, "म्हंजे आळंबी न्हवती तर." मला रडूही आलं आणि रागही आला.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आठवडाभर कळप गायरानातच ठेवा, वाळला कडबा घाला, पोटातलं बी तिथंच पडून जाऊ दे. हे मामाला सांगायचं काम माझ्यावर आलं.

"माज्या मेंढरांच्या पोटाची झडती घेतीस व्हय?" मामा भडकला. "भाची हायस का पोलीस?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग काठी आपटून म्हणाला, "कडबा कोन देनार? तुजा बा?" कडबा शेजाऱ्यानं दिला. मामा आठ दिवस गायरानात फुगून बसला, पण बसला. रोज भाकरी मी नेऊन दिली. पहिले तीन दिवस तो माझ्याशी न बोलता जेवला.

वांगी त्या हंगामात बरी निघाली, फार बरी नाही. मार्गशीर्ष संपताना मेजरांनी बांधावर उभं राहून हात दाखवला. "ह्यो चौकोन उसाला. त्याच्या खालचं आन् वरचं रान तुमी करा. भाजी करा, काय करायचं ते करा." मग थोडं थांबून म्हणाले, "पर उसातनं तुमच्या वाफ्यात काय सरकतंय का, ते बघाय माणूस लागणार. मला वाकाय येत न्हाई."

त्यांची कंबर चांगली आहे. रोज सकाळी सूर्यनमस्कार घालतात.

मुलगी आता तिसरीत आहे. उसाकडून आल्यावर खुरपं विहिरीवर धुतल्याशिवाय मी वाफ्यात जात नाही, आणि तिलाही चपलांचे तळवे झटकायला लावते. ती म्हणते, "आई, किती येळा बघशील?" दर आठ दिवसांनी प्रत्येक सरीतलं एक झाड मी बुडाशी उकरते, मुळं बोटांनी चाचपते, माती परत दाबते. आजवर स्वच्छ आहेत. शेजारी बांधावरनं जाताना थांबतो, बघतो आणि पुढं जातो. त्याच्या पिशवीत काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.